सुखदेवचा गिअरबॉक्स आणि माझा संशय

"गाडी आपोआप बिघडली," असं सांगत जो माणूस येतो, त्याला मी आधी चहा पाजते. कपबशी हातात आली की मोबाइल, किल्ली, कागद सगळं खाली ठेवावं लागतं, आणि हात अडकले की जीभ सुटते. पहिल्या कपात गाडी आपोआप बिघडलेली असते. दुसऱ्या कपात कळतं की त्या दिवशी मेहुणा चालवत होता. तिसऱ्याची वेळ आली तर मागे धानाची पोतीही निघतात, आणि किती होती ते मेहुण्यालाच ठाऊक असतं.

कोहमाऱ्याच्या चौकात, ढाब्यांच्या रांगेमागे, आमचं गिअरबॉक्सचं वर्कशॉप आहे. गोंदियाजवळच्या गोरेगावहून लग्न होऊन मी इथे आले, त्याला नातवंडं कॉलेजात जाण्याइतकी वर्षं झाली. या सगळ्या वर्षांत आपोआप बिघडलेली एकही गाडी माझ्या पाहण्यात नाही.

नवी नवरी होते तेव्हा मी अशी नव्हते. तेव्हा माझा सगळ्यांवर विश्वास, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या अकलेवर. दहावी पास होते, चौकात एवढी शिकलेली बाई मी एकटीच असा माझा समज. एकदा मिस्त्री साकोलीला गेले होते. मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, म्हणून मीही. मागे एक ट्रकवाला आला आणि म्हणाला, "भाभी, मिस्त्रीने गिअर निकालके रखा है क्या?" मी तोऱ्यात आत गेले, एका उभ्या गाडीच्या गिअरच्या दांड्यावरची गोल मूठ फिरवून काढली, पदराने लख्ख पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली. वर विचारलं, "एकच पाहिजे होता ना?" तो हसला नाही. मूठ खिशात घालून शांतपणे गेला. मिस्त्री ती परत आणायला ढाब्यावर गेले, तेव्हा तिथे मात्र सगळे हसले, आणि पुढची दोन वर्षं हसत होते.

त्या लाजेने मी शिकले. मिस्त्री गिअरबॉक्स उघडत, मी एकेक चाक डिझेलमध्ये धुऊन जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडत जायची. मिस्त्रींचे हात थरथरायला लागले तेव्हा मांडायचं काम त्यांच्याकडे गेलं आणि जोडायचं माझ्याकडे आलं. आता मिस्त्री नाहीत. वर्कशॉप माझा मुलगा विलास बघतो. तो पुण्याला जाऊन ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शिकून आला आहे. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसते आणि संशय घेते. हे काम अजून कुणी माझ्याकडून काढून घेतलेलं नाही.

ऑटोमॅटिक म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. साध्या गाडीत डाव्या पायाने क्लच दाबायचा, हाताने गिअर बदलायचा. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नाही. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरतो. तसेच दोन पंखे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एका बंद भांड्यात असतात, फक्त वाऱ्याऐवजी तेल. त्या भांड्याला कन्व्हर्टर म्हणतात. गिअरबॉक्सच्या पोटात चकत्यांच्या गड्ड्या असतात, त्यांच्यावर कागदासारखं अस्तर चिकटवलेलं. तेलाच्या दाबाने त्या एकमेकींना धरतात, सोडतात, आणि गिअर बदलतो. म्हणजे सगळा खेळ तेलाचा. ते तापलं की चकत्या जळतात.

आमच्याकडे पिकअप म्हणजे धान, बकऱ्या आणि वऱ्हाड वाहणारी साध्या गिअरची गाडी. ऑटोमॅटिक डिझेल पिकअप या रस्त्यावर मी एकच पाहिली, ती सुखदेवची. सुखदेव नवेगाव बांधचा, तळ्यातले मासे गोंदियाच्या बाजारात पोचवतो. चाळिशीचा असेल. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबतो. आयुष्यभर तो दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसून मासे नेत आला. तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका ठेकेदाराची जुनी डबल केबिनची पिकअप त्याला मिळाली, आणि कळलं की हिला डावा पाय लागतच नाही. तेव्हापासून तो स्वतः चालवतो. गोंदियाच्या बाजारात उतरताना किल्ली बोटात फिरवत उतरतो, हे मी दोनदा पाहिलं आहे.

गेल्या वर्षी त्या गाडीचा गिअरबॉक्स बसला. आधी गोंदियातल्या कुणीतरी तेल काढून पाहिलं, त्याला जमलं नाही, मग गाडी ओढून आमच्याकडे आली. विलासने उघडलं तर चकत्यांचं अस्तर गेलेलं. तो म्हणाला, ओझ्याने तापला. नवीन चकत्या टाकून दिल्या. आठ महिन्यांनी गाडी पुन्हा दोरीला बांधून दारात. सुखदेव मागच्या मोटारसायकलवरून उतरला आणि कुबडी टेकत नुसता उभा राहिला.

चौकात सल्ला द्यायला माणसं बोलवावी लागत नाहीत. एक म्हणाला, "कायले पायजे ऑटोमॅटिक? साध्या गिअरचा डबा बसवून घे, ड्रायव्हर ठेव." सुखदेवने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विलासला म्हणाला, "भाऊ, ड्रायव्हर ठेवला का मी पुन्हा बाजूले बसलो. ते नोको. दुसरा काई सांग."

विलासने सांगितलं, "अपग्रेड." रायपूरचा एक माणूस मजबूत केलेले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स विकतो, त्याचे व्हिडिओ त्याने मोबाइलवर दाखवले. जास्त चकत्या, मोठा कन्व्हर्टर, तेलाचं पसरट खोल पॅन, तेल थंड करायला वेगळा कूलर. पडद्यावर ते सगळं चांदीसारखं चकाकत होतं, मागे ढोल वाजत होते.

अपग्रेड हा शब्द ऐकला की माझे कान उभे राहतात. आमच्या वेळी याला हेवी ड्यूटी म्हणत, आणि खोक्यावर सिंहाचं चित्र असे. तरुणपणी मी सिंह पाहून माल घ्यायची. एकदा दोन खोकी समोर होती. एकावर सिंह बसलेला, दुसऱ्यावर उडी मारताना. मी उडी मारणारा घेतला. त्यातली क्लचप्लेट महिनाही टिकली नाही. बसलेल्याचं काय झालं असतं, कोण जाणे.

रायपूरवाला तसाही नागपूरला निघाला होता, म्हणून गिअरबॉक्स गाडीत टाकून दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्याकडे आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तर. मला वाकून नमस्कार केला. संशयाला तेवढं पुरे झालं.

"माताजी, कंपनी के डब्बे से डबल मजबूत. आँख बंद करके लगाइए."

"आँख बंद करून मी फक्त देवाले हात जोडतो," मी म्हटलं. "चलाके देखा?"

"पाँच सौ किलोमीटर."

"नीचे का पॅन खोलो."

विलासने माझ्याकडे पाहिलं. त्या पॅनच्या तळाशी एक चुंबक असतं. गिअरबॉक्स फिरला की लोखंडाची बारीक भुकटी त्यावर जमते, करड्या मलमासारखी. नव्या चकत्यांच्या पहिल्या काही दिवसांत तर जास्तच. रायपूरवाल्याने पॅन उघडलं. चुंबक घासलेल्या वाटीसारखं स्वच्छ.

"हे काय?"

"साफ करके लगाया माताजी. आपको दिखाना था ना."

"मले तर काळाच पाहाचा होता. गोरा कायले केला?"

"आई, पुरे," विलास म्हणाला.

मी पुढे विचारलं, हा डबा डिझेल इंजिनाच्या मागचा की पेट्रोलच्या? कारण डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जोर देतं. पेट्रोलचा कन्व्हर्टर त्याच्यामागे लावला तर तो उशिरा धरतो, मध्ये तेल नुसतं घुसळत राहतं, तापतं. रायपूरवाला मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला. मग म्हणाला, "सब सेम है."

सगळं सारखंच आहे म्हणणाऱ्याकडून मी हळदसुद्धा घेत नाही. पण विलास मला कडुलिंबाखाली घेऊन गेला आणि हळूच बोलला, "आई, एकदा माझ्या हातून गेला तो डबा. पुन्हा गेला तर सुखदेव कोणाकडे जाईन? त्याले गाडी पायजे. तुले फक्त भांडण पायजे." यातलं दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून मी आवाज उतरवला. म्हटलं, नवीन जरूर बसव, पण जुना कशाने मेला ते मला पाहू दे. मागच्या वेळी तेल आपल्याकडे येण्याआधीच गोंदियात काढलेलं होतं. या वेळी मी काढते.

रायपूरवाला ढाब्यावर जेवायला गेला. मी सुखदेवच्या गाडीखाली घमेलं ठेवून नट सैल केला. ऑटोमॅटिकचं तेल लाल असतं, सरबतासारखं. तापून जळलं तर काळपट होतं आणि करपल्याचा वास येतो. खाली जे आलं ते गुलाबी होतं. दाटसर, फेसाळ, लग्नातल्या फालुद्यासारखं. वास कसलाच नाही.

विलास गुडघ्यावर बसला आणि त्याने घमेल्यात बोट बुडवलं. ते तेलात मिसळलेलं पाणी होतं. त्याने एक चकती काढून अंगठ्याने चोळली, तर अस्तर भिजलेल्या पाकिटावरच्या तिकिटासारखं सुटून आलं. पाणी डिंक खातं. दुप्पट चकत्यांचा डबा लावला असता तर दुप्पट तिकिटं सुटली असती.

आता पाणी आलं कुठून? या गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरमधल्या एका कप्प्यातून फिरून थंड होऊन येतं. तो कप्पा फुटला तर पाणी शिरतं. आधी तिथेच पाहिलं. रेडिएटरचं पाणी हिरवं, भरलेलं, त्यावर तेलाचा एक तवंग नाही. म्हणजे पाणी बाहेरून आलं. मी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. माझ्या वयाच्या बाईने गाडीखाली शिरू नये असं सून म्हणते, पण ती तेव्हा शाळेत शिकवत होती. गिअरबॉक्सच्या वर एक बारीक नळी असते, डब्याला श्वास घ्यायला. तापला की हवा बाहेर, थंड झाला की आत. त्या नळीच्या तोंडाशी, चेसिसच्या लोखंडाला, तळ्यातल्या वनस्पतीची एक वाळलेली लांब दोरी गुंडाळलेली होती.

रायपूरवाला जेवून परत आला आणि घमेल्यात डोकावला. मग म्हणाला, "इसमें तो मेरा वाला भी नहीं टिकता, माताजी." एवढं बोलून त्याने आपला डबा परत गाडीत चढवला. त्या एका वाक्यामुळे मी आजही अडकले आहे. चुंबक त्याने खरंच मला दाखवायला पुसलं असेल का? त्याचा डबा खोटा होता हे मी सिद्ध करू शकत नाही. त्याला चहा पाजायचाही राहून गेला.

दुपारी सुखदेव आला. त्याला मात्र पाजला.

"सुखदेवा, गाडी पान्यात नेली होती का?"

"नाई जी काकू."

"नाल्यातून?"

"पावसानं गेला असन."

"पाऊस खालून पडते का रे?"

त्याने बशी तोंडाला लावली. एरवी मी दुसरा कप ओतला असता. पण त्याच्या मानेवर घाम होता, आणि तो घाम मला ओळखीचा वाटला. म्हणून मी त्याला माझी गोष्ट सांगितली, जी तोवर विलासलाही ठाऊक नव्हती. नवी नवी होते तेव्हा मी एका जीपचा गिअरबॉक्स एकटीने जोडला. जोडून झाल्यावर वर्तमानपत्रावर एक पोलादी गोळी उरली. हरभऱ्याएवढी. दोन गिअर एकाच वेळी पडू नयेत म्हणून ती असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मिस्त्री समोरून येत होते, म्हणून मी ती कमरेला खोचली. जीप गोरेगावच्या बाजारात, भर गर्दीत, दोन गिअर एकदम पडून अशी अडकली की पुढे जाईना, मागे सरेना. मिस्त्रींनी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. ड्रायव्हर बिचारा मान खाली घालून ऐकत होता आणि मी मिस्त्रींच्या बाजूने उभी राहून म्हणत होते, "हो ना, कशी चालवतात मेले." गोळी माझ्या कमरेला टोचत होती.

"मंग कवा सांगलात?" सुखदेवने विचारलं.

"तिसऱ्या दिवशी. दुसरा डबा जोडताना मिस्त्रीनं तशीच गोळी मागतली तवा."

तो हसला. मग कप खाली ठेवून बोलू लागला.

"काकू, तळ्याच्या पाळीपासून पान्यापर्यंत चिखल आहे. मले त्यात कुबडी टाकता येत नाई. जाळेवाले म्हनत, तू बस, आमी आनतो. रोज तू बस, तू बस. मंग मी गाडीच उलटी करून पान्यात नेतो. मांगची फळी पान्याले टेकली का जाळा सीधा आत. मी फळीवर उभा रायतो अन् मीच ओढतो. कोनाले काई उचलून द्या लागत नाई."

"तळ्यावर येऊन लगेच पान्यात नेतो?" मी विचारलं.

"लगेच. बरफ वितळते ना."

इथून बर्फ भरून वीस-बावीस किलोमीटर धावलेली, तापलेली गाडी तो सरळ थंड पाण्यात बसवत होता. गरम बाटली पाण्यात उपडी धरली की ती पाणी ओढून घेते. ती बारीक नळी तेच करत होती, रोज घोटभर.

"मागच्या वेळीच काऊन नाई सांगतला?" विलासने विचारलं.

"सांगलो असतो तर तुमी म्हनाले असते, पान्यात नेऊ नोको."

मी तेच म्हणणार होते. वाक्य तोंडात तयार होतं. तो काहीतरी लपवतो आहे हे मी गाडी दारात आली तेव्हाच ओळखलं होतं आणि त्यावर खूश होते. ओझं लपवतो आहे, नाहीतर दारू पिऊन चालवतो, असं मी मनात पक्कं केलं होतं. इतक्या वर्षांच्या संशयाला एवढंच कळलं होतं. मी ते वाक्य चहाबरोबर गिळलं.

मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. डबा त्याचाच, चकत्या कंपनीच्या साध्या. त्याचं ओझं काही फार नव्हतं, साध्या चकत्यांना ते सहज पेलणारं होतं. कन्व्हर्टर धुऊन, सगळ्या नळ्यांतून नवं तेल फिरवून घ्यायचं. अपग्रेडपैकी फक्त वेगळा कूलर घेतला, तोही पुढे उंचावर. आणि श्वासाच्या नळीला रबरी पाइप जोडून तो इंजिनाच्या बाजूने वर, बॉनेटखाली एअर फिल्टरपर्यंत नेला. पाणी तिथवर पोचलं तर सुखदेवलाच पोहावं लागेल. विलासने अडीच दिवस काम केलं. गाडी देताना मी सुखदेवला तेलात बुडालेली दांडी ओढून तेल कसं पाहायचं ते शिकवलं. लाल असेल तर ठीक, गुलाबी दिसलं तर जागेवर इंजिन बंद. आणि तळ्यावर गेल्यावर गाडी आधी निवू द्यायची, मग पाण्याचं पाहायचं. तो सगळ्याला "होय जी" म्हणाला.

माणूस सगळ्याला होय जी म्हणतो तेव्हा तो काहीच करत नाही, हा माझा अनुभव. महिनाभर मी कळ काढली. मग एका सकाळी, गोरेगावला बहिणीकडे जाते असं घरी सांगून, उलट्या दिशेची एसटी पकडली. नवेगाव बांधला तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधाच्या माथ्यावर, एक चहाची टपरी आहे. तिच्या मागे, डोक्यावरून पदर ओढून, मी दगडावर बसले.

गाडी आली. पाळीवर, पाण्यापासून बरीच लांब थांबली. सुखदेवने बॉनेट उघडून ठेवलं. बर्फाच्या पेट्यांवर ओली पोती टाकली आणि टपरीकडे आला. पाऊण तास तो तिथे बसून जाळेवाल्यांशी गप्पा मारत होता. मध्ये एकदा उठून गिअरबॉक्सखाली हात लावून आला, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग गाडीत बसला आणि सावकाश, आरशात पाहत, पिकअप उलटी पाण्यात नेली. जाळं फळीशी आलं. तो फळीवर उभा राहून ओढत होता, वाकून, एका पायावर भार देऊन. कुणी त्याच्याकडे विशेष पाहत नव्हतं.

परत पाळीवर आला तेव्हा त्याने तेलाची दांडी काढली, फडक्याला पुसली आणि ते फडकं टपरीच्या मागच्या दिशेने उंच धरलं.

"लाल आहे जी काकू," तो म्हणाला. "कायले लपून राहिल्या? ऊन लागन."

टपरीवाल्याने मला पाहताच त्याला सांगून टाकलं होतं. पदराचा काही उपयोग झाला नव्हता.

कोहमारा त्याच्या वाटेवरच, म्हणून परतताना त्याने मला गाडीत घेतलं. मी डावीकडे बसले आणि गाणी बंद करायला लावली. कान खाली, गिअरबॉक्सकडे. जंगलात चढ लागला. गाडीने आपणच एक गिअर खाली घेतला. धक्का नाही, घसरणं नाही. आणि माझा डावा पाय पुढे सरकून क्लचसारखं पायपुसणं दाबू लागला. दुरुस्त केलेल्या गाड्या तपासायला मी इतकी वर्षं चालवल्या आहेत, त्या पायाला दुसरं काही माहीतच नाही. पुढच्या चढावर तेच. त्याच्या पुढच्याही.

सुखदेवने एकदा खाली पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली.

"तिकडे काई नाई जी, काकू," तो म्हणाला. "मी आहो ना चालवाले."

मी पाय आखडून घेतला. पुढचा चढ आला तेव्हा तो पुन्हा पुढे गेला.